तांबडीचा पाय

"कोंबडीच्या पायावर कुणी लेख लिहितं का गं?" काल दुपारी मी वही घेऊन बसले तेव्हा ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, लिहितं. पस्तीस वर्षं मुलांकडून 'माझा आवडता प्राणी' लिहून घेतला, आता माझी पाळी! शिवाय पुण्याच्या भाचीनं दोनदा फोन करून विचारलंय की तिच्या गच्चीवरची कोंबडी लंगडतेय, काय करू? फोनवर सांगता सांगता मी भलतीकडेच जाते. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढते.

निवृत्तीनंतर आम्ही पाटण तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी राहायला आलो, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. कोंबड्या आल्या त्या नंतर. आधी शेजारच्या आक्कांनी खुडूक बसलेली एक गावठी कोंबडी दिली, मग गाडीवर पिल्लं विकायला येतो त्याच्याकडून वनराजाची पिल्लं घेतली. (वनराजा म्हणजे हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं खास परसात पाळण्यासाठी तयार केलेली जात. अंगानं दणकट, गावठीपेक्षा वजनदार.) आज लहानमोठ्या धरून अकरा आहेत. अंड्यांपुरत्या. आम्ही त्यांना खात नाही. तत्त्व वगैरे काही नाही, नावं ठेवून बसलो ना, म्हणून.

तांबडी ही त्यातली सर्वांत भारदस्त. तिचं चालणंसुद्धा आमच्या वेळच्या मुख्याध्यापिकाबाईंसारखं, एकेक पाऊल टाकत, मान मागेपुढे करत. २०२३ च्या जुलैत ती लंगडायला लागली. आमच्याकडचा जुलै म्हणजे चार चार दिवस सूर्य नाही, अंगणात चिखल, खुराड्यातला तूस ओला. डावा पाय टेकवायची, लगेच उचलायची. मी ओट्यावरून बघितलं आणि मनात म्हटलं, मुरगळला असेल, होईल बरा. दुसऱ्या दिवशी ती दाणे टिपायला उशिरा आली. मी म्हटलं, "या बाईसाहेब, झाली का झोप?" तिसऱ्या दिवशी ती नुसतीच बसून राहिली. मला वाटलं, आळशी झाली, आयतं मिळतंय ना!

आक्का कुंपणाशी आल्या, बघून म्हणाल्या, "बाई, पाय गेलेली कोंबडी ठिवायची नस्ती. ऐतवारी रस्सा करा, मीबी यीन जेवाय." आक्कांचं बोलणं असंच, पण त्यांच्या सत्तर वर्षांच्या अनुभवात लंगड्या कोंबडीचं दुसरं काही झालेलंच नाही.

असा आठवडा गेला. आठवडाभर मी त्या कोंबडीकडे रोज बघत होते, आणि एकदाही तिला उचलून तिचा तळवा बघितला नव्हता. आठव्या दिवशी संध्याकाळी ती दारातच बसली होती, वाट अडवून. बाजूला करायला म्हणून उचलली आणि तळव्यावर हात पडला. गरम! उलटा करून बघितला तर मधोमध वाटाण्याएवढी काळी टणक खपली, भोवती लालसर सूज, आणि दोन बोटांच्या बेचकीपर्यंत फुगवटा.

मंडळी, तुमच्यापैकी जे गावाकडे वाढलेत त्यांना माणसाच्या तळव्यातलं कुरूप माहीत असेल. काटा मोडून आत राहतो किंवा एकाच जागी दाब पडत राहतो, वर कातडी टणक होते आणि आत ठणका. कोंबडीचं हे दुखणं बघताना मला तेच आठवलं. इंग्रजीत त्याला बंबलफूट म्हणतात. फरक हा की यात जंतूंचा संसर्ग असतो, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूंचा, जे एरवीही कातडीवर असतातच. तळव्याला बारीकशी जखम झाली, चिखलात कातडी भिजून मऊ पडली की ते आत शिरतात. जड कोंबड्यांना जास्त होतं. आणि उंचावरून कडक जमिनीवर उडी मारणाऱ्यांना.

मग मला आमचं खुराडं आठवलं. ह्यांनी मोठ्या हौसेनं त्यात बसायची दांडी छातीइतक्या उंचीवर ठोकली होती, कोल्ह्या-मांजरांपासून दूर म्हणून. खाली काळा दगड. तांबडी रोज सकाळी तेवढ्या उंचीवरून तिचं सगळं वजन घेऊन त्या दगडावर आदळत होती. आणि मी म्हणत होते, आळशी झाली.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. पिशवीत कोंबडी, तिचं डोकं बाहेर. पुढे दोन गाई, एक रेडकू, एक शेळी. डॉक्टर तरुण. म्हणाले, "आजी, कोंबडीला घेऊन सहसा कुणी येत नाही." मी म्हटलं, "म्हणूनच आले." ते हसले, पण त्यांनी पाय नीट बघितला. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याला वाटतं कोंबडी घेऊन गेलो तर हाकलून देतील. विचारून तर बघा.

त्यांनी जे सांगितलं आणि करून दाखवलं ते भाचीसाठी सविस्तर लिहिते. कोमट पाण्यात मीठ घालून पाय पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवायचा. कोंबडीला जुन्या टॉवेलात गुंडाळायचं, डोक्यावरून टॉवेलाचं टोक घ्यायचं. अंधार झाला की ती शांत होते. पण छातीवर आवळायचं नाही! पाखरांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचा पिंजरा हालला तरच त्यांचा श्वास चालतो. घट्ट धरलेली कोंबडी हातातल्या हातात गुदमरते. हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

खपली मऊ झाल्यावर डॉक्टरांनी ती काढली आणि आतून जे निघालं ते बघून मी थक्क झाले. मला वाटलं होतं पू वाहील. पण पाखरांचा पू पातळ नसतोच. आपल्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी जी द्रव्यं असतात ती त्यांच्या पेशींत नसतात, त्यामुळे आत घट्ट पिवळट गोळा तयार होतो, शिळ्या पनीरच्या तुकड्यासारखा. म्हणूनच कोंबडीचं हे गळू 'आपोआप पिकून फुटेल' म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. ते फुटत नाही, आत आत जातं, हाडापर्यंत जातं. तुरीच्या डाळीएवढा तो गोळा त्यांनी चिमट्यानं काढून मला दाखवला. एवढ्याशा गोळ्यावर ती आठ दिवस उभी होती.

ही कापाकापी मी घरी केली नाही आणि तुम्हीही करू नका. इंटरनेटवर ब्लेड घेऊन बसलेली मंडळी दिसतात. पायात शिरा असतात, कंडरा असतात, चुकलं तर कोंबडी कायमची गेली. नुकतीच सुरुवात असेल, नुसती लाली किंवा छोटी खपली असेल, तर मिठाच्या पाण्याचा शेक, पोव्हिडोन आयोडीन, कोरडी जागा आणि पट्टी एवढ्यावर भागतं. सूज असेल तर डॉक्टर. आणि हातात मोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा, कारण हे जंतू आपल्यालाही सोडत नाहीत. प्रतिजैविक दिलं असेल तर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही तिथेच विचारून घ्या. आम्ही तीन आठवडे तांबडीची अंडी पुरून टाकली. (ह्यांना फार वाईट वाटलं. अंड्यांचं.)

पट्टी बांधायचं काम माझ्याकडे. दिवसाआड सोडायची, धुवायचं, आयोडीन, गॉझ, आणि बोटांच्या मधून आठच्या आकड्यासारखी पट्टी. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं लागली आणि सुटून आली. आठवड्यानं माझा हात बसला. ओसरीत टोपलीभर कोरडा तूस टाकून तिला तिथेच ठेवली होती. रात्री ती झोपेत बारीक आवाज काढायची.

आणि अशाच एका रात्री तो पाय मांडीवर घेऊन बसले असताना मला तो मुलगा आठवला. खरं म्हणजे आठवला असं म्हणणं बरोबर नाही. विसरले नव्हतेच.

१९८१ चं साल. मी सहावीच्या वर्गाची वर्गशिक्षिका होते. तो डोंगरावरच्या वस्तीतून यायचा, रोज तीनएक मैल, अनवाणी. हुशार म्हणावा असा नव्हता, पण भूगोल त्याला फार आवडायचा, नकाशात नद्या निळ्या पेन्सिलीनं काढायचा. पावसाळ्यात तो उशिरा यायला लागला. प्रार्थना होऊन जायची, हजेरी व्हायची, मग हा दारात. एकदा झालं, दोनदा झालं. मी तेव्हा तीस वर्षांची होते, शिस्त शिस्त म्हणायचे. मी त्याला अंगठे धरून उभं राहायला लावलं, हजेरी संपून पहिला तास होईपर्यंत. तो वाकायचा, पण एक पाय नुसता टाचेवर टेकवायचा. मी म्हणायचे, "दोन्ही पाय नीट टेकव. नाटकं नकोत." तो टेकवायचा. काही बोलायचा नाही. आमच्या त्या मुलांना बाईंना उलटं सांगायची सवयच नव्हती.

नऊ दिवस. मी नंतर हजेरीपट काढून मोजले. दहाव्या दिवशी झाडलोट करणाऱ्या मावशी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाई, त्या पोराच्या जागंवर फरशीला काय लागलंय बगा." मी त्याला बाहेर नेऊन पाय उचलायला लावला. करवंदीचा काटा आत मोडलेला, वर कातडी बंद झालेली, सगळा तळवा सुजून चकाकत होता. घोटा गरम. मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "तुम्ही इचारलं न्हाई."

उद्धटपणानं नाही हं. विचारलं म्हणून उत्तर दिलं, एवढंच.

मग त्याला दवाखान्यात नेलं, कापून काटा काढला, बापानं त्याला खांद्यावर बसवून वर नेलं. सहामाही बुडाली. दिवाळीनंतर तो आला नाही. त्याचं नाव पटावरून कमी करताना मी शेऱ्यात 'सतत गैरहजर' लिहिलं. वस्तीवर जाऊन बघावं असं दोन-तीनदा मनात आलं, पण चढण आहे, रविवार आहे, असं म्हणत ते राहिलंच. लिहिताना सुद्धा मला वाटतंय की एखादं चांगलं कारण आठवावं. आठवत नाही.

खूप वर्षांनी, मला वाटतं २००४-०५ असेल, पाटणच्या बाजारात एका भाजीच्या पाट्यांमागून एक माणूस उठून आला आणि भर बाजारात वाकून माझ्या पायांना हात लावला. "बाई, ओळखलंत का?" नाव सांगितलं. मुलगी बारावीला आहे म्हणाला. वाकला तेव्हा मी त्याच्या पायांकडे बघितलं. चपला होत्या, काही दिसलं नाही. मला बोलायचं होतं ते मी बोलले नाही. मी म्हटलं, "वांगी कशी दिलीस?" त्यानं पैसे घेतले नाहीत.

असो. कोंबड्यांकडे येते.

तांबडीनंतर मी एक केलं, कोंबडी लंगडताना दिसली की त्याच दिवशी उचलायची. आणि गंमत म्हणजे दर वेळी निराळंच काहीतरी निघतं. चितळीच्या पायात नायलॉनचा दोरा गुंडाळलेला निघाला, खताच्या पोत्याच्या शिवणीचा. बोट काळं पडायच्या बेतात होतं. नखं कापायच्या कात्रीनं दोरा कापला, दोन दिवसांत ठीक. पिशवीत घालून दवाखान्यात नेली असती तर डॉक्टर काय म्हणाले असते कोण जाणे! कधी कधी केसही गुंडाळले जातात. म्हणून आता मी विंचरलेल्या केसांचं गुंतवळ अंगणात टाकत नाही. आमची आजी हे वेगळ्या कारणासाठी सांगायची.

म्हाताऱ्या काळीच्या पायांवरचे खवले वर उचलले गेले होते, खाली पांढरट भुकटी, पाय जाडजूड दिसायला लागले. मला वाटलं वयानं होतं, माझे तरी पाय कुठे पूर्वीसारखे राहिलेत! पण ते बारीक किडे निघाले, डोळ्यांना न दिसणारे, खवल्यांच्या खाली घर करून राहणारे. आक्का म्हणाल्या रॉकेलमध्ये पाय बुडवा. पूर्वी सगळे तेच करत. पण रॉकेलनं कातडी भाजते. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवून मऊ ब्रशनं हलकेच पुसायचे, कोरडे करायचे आणि व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल चांगलं जाड थापायचं. किड्यांचा श्वास कोंडतो. खवले नखानं खरवडायचे नाहीत, रक्त येतं. एकदा लावून भागत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा असं महिना-दीड महिना करावं लागतं, आणि बसायच्या दांड्याही घासून धुवायच्या. वाढलेलं असेल तर डॉक्टर औषध देतात. एकीला झालं तर बाकीच्यांचेही पाय बघायचे.

पिल्लांचं वेगळंच. नातू आला होता तेव्हा त्यानं खोक्यात गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरून नुकती फुटलेली पिल्लं ठेवली. दोन दिवसांत एकाचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकले, खारूताई फांदीवर पसरते तसे. घसरत्या जागेवर पायात जोर धरता येत नाही, म्हणून होतं. चिकटपट्टीचा छोटा पट्टा दोन्ही पायांत बांधला, पाय नेहमी उभं राहताना जेवढे लांब असतात तेवढं अंतर ठेवून, आणि खाली गोणपाट घातलं. चौथ्या दिवशी पट्टी काढली तर पळालं! हे पहिल्या काही दिवसांतच करावं लागतं. हाडं भरली की उपयोग नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यातली पाच पिल्लं मात्र माझ्यामुळे अधू झाली. आक्कांकडची कोंबडी मेली आणि तिची पिल्लं मी आणली. दुकानातलं खाद्य संपलं होतं, आणायला कोण जाणार, म्हणून आठ-पंधरा दिवस त्यांना आमच्या घरचा उरलेला भातच घालत होते. पांढराशुभ्र, पॉलिश केलेल्या तांदळाचा. त्यांची बोटं आत वळायला लागली, मुठी आवळल्यासारखी, आणि ती पायांच्या मधल्या सांध्यावर बसून चालायला लागली. (जाता जाता, कोंबडीचा तो मागे वळणारा सांधा म्हणजे गुडघा नव्हे, ती टाच. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. मी वर्गात कित्येक वर्षं चुकीचं शिकवलं असणार.) डॉक्टर म्हणाले, ब-२ जीवनसत्त्वाची कमतरता. पाण्यातून औषध दिलं, पिल्लांचं तयार खाद्य, ताक, चिरलेला पाला सुरू केला. चार सुधारली. पाचवीची बोटं तशीच राहिली. ती अजून आहे, मुठी आवळून चालते, पण अंडी देते.

आता यात मला सगळ्यांत आश्चर्य वाटलं ते याचं की ही गोष्ट मी स्वतः मुलांना सांगत असे! क्रिस्तियान आइकमान नावाचे डच डॉक्टर जावा बेटावर, बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, बेरीबेरीचं कारण शोधत होते. १८९० च्या सुमाराची गोष्ट. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय अचानक लुळे पडायला लागले, चालताना कोलमडायच्या. त्यांना वाटलं जंतू. पण काही महिन्यांनी कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तर कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातल्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात मिळत होता. मग आचारी बदलला आणि नवा आचारी म्हणाला, लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही! म्हणून त्यांना पुन्हा कोंडा असलेला तांदूळ सुरू झाला, आणि पाय सुधारले. आइकमानना आधी वाटलं की पांढऱ्या भातातच काही विष असावं. त्यांचे सहकारी ग्राइन्स यांनी १९०१ मध्ये सांगितलं की विष नाही, कोंड्याबरोबर काहीतरी गरजेचं निघून जातंय. ते म्हणजे पुढे सापडलेलं ब-१ जीवनसत्त्व. आइकमानना १९२९ चं नोबेल पारितोषिक मिळालं, हॉपकिन्स यांच्यासोबत विभागून. ही गोष्ट मी किमान तीस वर्गांना सांगितली असेल, आणि घरी येऊन पिल्लांना पांढरा भात घातला. माझ्या पिल्लांना कमी पडलं ते ब-२, पण तेही त्या कोंड्यापाल्यातलंच. आमच्या लहानपणी उखळात कांडलेला लालसर तांदूळ असायचा, कोंडा कोंबड्यांना. त्यांचे पाय कुणी बघायला गेलं नाही, बघायची वेळ आली नाही.

सगळंच बरं होतं असं समजू नका. गेल्या पावसाळ्यात घरीच उबवलेली एक तलंग, चार महिन्यांची, एके दिवशी एक पाय पुढे आणि एक पाय मागे अशी पडलेली सापडली. तळवे बघितले, स्वच्छ. दोरा नाही, जखम नाही. डोळे चांगले, भूकही होती. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "आजी, बहुतेक मरेक्स. खात्री मेल्यावर कापून बघितल्याशिवाय होणार नाही, पण याला औषध नाही." हंगेरीच्या योझेफ मारेक या पशुवैद्यानं १९०७ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो. लस असते, पण ती पिल्लू अंड्यातून निघतं त्याच दिवशी टोचायची. उबवणी केंद्रातल्या पिल्लांना मिळते, आमच्या टोपलीखाली उबलेल्यांना कुठून मिळणार? (मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस मात्र घरच्या कोंबड्यांनाही देता येते, आणि ती द्याच. एकदम चार-पाच कोंबड्या लुळ्या पडल्या, माना वाकड्या झाल्या, हिरवी शीट पडली, तर तळवे बघत बसू नका, दवाखान्याला कळवा.)

तलंगेला मी आठ दिवस ठेवलं. हातानं भरवलं, दर दोन तासांनी कूस बदलली. मला वाटत होतं की मी हिला सोडायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुसरा पंखही पडला. सातव्या दिवशी पाणी घशाखाली जाईना. हे म्हणाले, "तू हे तिच्यासाठी करतेयस की तुझ्यासाठी?" मला राग आला. रात्रभर झोपले नाही. सकाळी आक्कांना हाक मारली. आक्का आल्या, तिला उचललं, पदराखाली घेतलं, एकदा पाठीवरून हात फिरवला आणि परसात गेल्या. क्षणाचं काम. परत येऊन हात धुतले आणि म्हणाल्या, "बाई, लई हाल केलं तुमी तिचं." मी काही बोलले नाही. त्यांचं खरं होतं. रश्श्याचा विषयही त्यांनी काढला नाही. आम्ही तिला चुना टाकून खोल पुरली.

तांबडी तिसऱ्या आठवड्यात चालायला लागली. थोडी लंगडते अजून, पाऊस लागला की जास्त. खुराड्यातली दांडी आता दीड फुटावर आहे, दोन इंच रुंद, कडा रंधा मारून गोल केलेल्या, म्हणजे पंजा सपाट टेकतो. खाली चार बोटं जाड तूस, ओला झाला की काढायचा. काळा दगड ह्यांनी स्वतः पहारीनं उचकटून काढला आणि गोठ्याच्या पायरीला लावला. कंबर धरली ते वेगळं.

आणि दर रविवारी संध्याकाळी, अंधार पडून कोंबड्या बसल्या की आम्ही दोघं बॅटरी घेऊन जातो. हे बॅटरी धरतात, मी एकेकीला उचलून दोन्ही तळवे बघते. अकरा कोंबड्या, बावीस पाय, अर्धा तास लागतो. बाकीच्या झोपेत असतात, काही म्हणत नाहीत. तांबडी मात्र माझ्या खांद्यावरचा टॉवेल बघितला की उठून खुराड्याच्या अगदी कोपऱ्यात जाते, पाठ करून बसते. तिला मी शेवटी घेते. परवा घेतली तर तळव्यावर जुन्या जागी बारीकसा काळा ठिपका. ह्यांनी बॅटरी जवळ आणली. मी नखानं हळूच पुसून बघितला, चिखल होता.